फाईल थांबते कुठे? मराठवाड्यातल्या सरकारी कारभाराची गाठ, सोप्या भाषेत

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं सोयाबीन, कापूस आणि तूर तर नेलीच, पण कित्येक शिवारांत वरची मातीसुद्धा खरवडून नेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि गावोगावी एकच विचारणा सुरू झाली, "पैसे आले का?" शेजाऱ्याला आले, आपल्याला नाही. भावाच्या खात्यात जमा झाले, आपल्या नाही. यादीत नाव आहे, पण बँकेचा मेसेज नाही.

यावर पारावर ठरलेलं उत्तर मिळतं: तलाठी कामच करत नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं. कामचुकार आहेत, पैसे खाणारेही आहेत, आणि त्यांची गय करू नये. पण उद्या सगळे कर्मचारी प्रामाणिक आणि कष्टाळू झाले तरी बरीच कामं अडायची तिथं अडतीलच. कारण दोष माणसांइतकाच कामाच्या मांडणीत आहे. ती मांडणी समजून घ्यायला हे अतिवृष्टीचं अनुदानच धरू. शेतापासून बँकेपर्यंत ते कसं जातं ते पाहिलं की सरकारी यंत्रणेच्या बहुतेक अडचणी त्याच वाटेवर भेटतात.

सुरुवात पर्जन्यमापकापासून होते. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मंडळात गावं अनेक असतात, त्यामुळे एका शिवारात ओढा फुटतो आणि माप जिथं आहे तिथं पाऊस बेताचाच नोंदला जातो, असंही होतं. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून संयुक्त पंचनामा करतात. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच शेतकरी मदतीला पात्र. आपत्ती निधीचे केंद्राचे दर ठरलेले आहेत: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. पंचनामे तहसीलला जमा होतात, तिथून एकत्रित मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुढे छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे, आणि शेवटी मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. तिथं शासन निर्णय निघतो, निधी मंजूर होतो आणि तीच वाट उलटी सुरू होते. तहसीलमध्ये प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, आधार, क्षेत्र, खातं असं सगळं पोर्टलवर चढवतात. त्यातून विशिष्ट क्रमांक निघतो, ज्याला लोक व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, ई-केवायसी करायची, मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यात.

एवढ्या हातांतून कागद जात असताना तहसीलच्या खिडकीवर असं बोलणं रोजचंच:

"मामा, नाव आहे तुमचं यादीत. पण आधारवर ज्ञानोबा आहे अन् सातबाऱ्यावर ज्ञानदेव."

"आवं साहेब, दोन्ही मीच की. सगळा गाव सांगंल."

"गाव सांगंल हो, पण पोर्टल घेत नाही ना. तलाठ्याकून पत्र आणा, दुरुस्तीला पाठवतो."

"कवा व्हईल?"

"वरून लॉगिन उघडलं की."

आता या मामांच्या पैशाची जबाबदारी कोणाची? तलाठ्यानं पंचनामा वेळेत केला. ऑपरेटरनं सातबाऱ्यावर होतं तसंच नाव टाकलं. दुरुस्तीची सोय कधी उघडायची ते वरच्या पातळीवर ठरतं. आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेचं काम. प्रत्येकानं आपापला तुकडा पुरा केला आहे आणि ते सिद्धही करू शकतो. पैसे मामांच्या हातात पडले की नाही, हे पाहणं मात्र यातल्या कोणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेलं नाही. आजच्या सरकारी यंत्रणेची सगळ्यात मोठी अडचण मला हीच वाटते. कामाच्या तुकड्यांना धनी आहेत, अख्ख्या कामाला नाही.

तीन खाती, एक शिवार

पंचनाम्याला बांधावर उभी असलेली ती तीन माणसं पाहा. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) महसूलचा. त्याचा साहेब मंडळ अधिकारी, वर तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. कृषी सहायकाची साखळी तालुका कृषी अधिकाऱ्यापासून पुण्याच्या कृषी आयुक्तालयापर्यंत. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. त्याचे वरिष्ठ गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी. तिघांची रजा वेगळे साहेब मंजूर करतात आणि गोपनीय अहवालही वेगळेच लिहितात. एक जण आला नाही तर दुसरा त्याला फोन करून विनंती करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. तहसीलदार तालुक्याचा प्रमुख असं आपण म्हणतो खरं, पण कृषी सहायकाची बदली किंवा शिक्षा त्याच्या हातात नसते.

असं असताना एखादी नवी योजना आली की पहिला वाद होतो तो काम कोणी करायचं यावर. पीएम किसान योजनेचं काम महसूलनं करायचं की कृषीनं, यावरून राज्यात ही दोन खाती काही काळ समोरासमोर आली होती, कर्मचारी संघटनांनी बहिष्कारही टाकले. त्यात चूक एकट्या संघटनांची नव्हती. जमिनीची नोंद एका खात्याकडे, पिकाची माहिती दुसऱ्याकडे, आणि योजनेला दोन्ही लागतात. जोडकाम कोणाचं, हे योजना आखताना ठरवलं नाही तर ते गावपातळीवर भांडून ठरतं.

हेच मोठ्या प्रमाणात पाहायचं तर छत्रपती संभाजीनगरची पाणी योजना पाहा. जायकवाडीचं धरण उशाशी असून शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा खर्च १,६८० कोटी होता. पुढे तो २,७४० कोटींवर गेला. बांधकाम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे, योजना चालवणार महापालिका, जलवाहिनी जाते तो पैठण रस्ता महामार्ग खात्याच्या रुंदीकरणात, वीज महावितरणची, आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, परिसर पक्षी अभयारण्य असल्यामुळे तिथल्या कामाला वन्यजीव विभागाची परवानगी. कामाचा पाठपुरावा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला करावा लागला. न्यायालयात सगळे विभाग एका वेळी एका खोलीत येतात आणि 'हे कधी होईल' याचं उत्तर तारखेसकट द्यावं लागतं. ही सोय कार्यकारी यंत्रणेतच असायला हवी होती. न्यायाधीशांनी पाइप किती किलोमीटर टाकला हे विचारावं लागणं हे कुठल्याही राज्याला भूषण नाही.

जे मोजतात तेच होतं

दर आठवड्याला तालुक्यात आढावा असतो, बहुतेकदा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर. पडद्यावर तक्ता येतो. ई-केवायसी किती टक्के, फेरफार किती निकाली, घरकुलाचे हप्ते किती सुटले. ज्याचा तालुका तळाला त्याला बोलणी. मोजायला माझा विरोध नाही. मोजल्याशिवाय एवढी मोठी यंत्रणा चालवताच येणार नाही. मराठवाड्यात आठ जिल्हे आणि ७६ तालुके आहेत, आयुक्त प्रत्येक गावात जाऊ शकत नाहीत. पण काय मोजतो त्यावर कर्मचाऱ्याचा दिवस ठरतो.

'निकाली' या रकान्याचंच घ्या. अर्ज मंजूर झाला तरी निकाली आणि त्रुटी काढून नामंजूर केला तरी निकाली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी 'कागदपत्रे अपूर्ण' असा शेरा मारला की तक्त्यात प्रलंबित शून्य दिसतं. अर्जदार मात्र पुन्हा पहिल्या पायरीवर. त्याचा नवा अर्ज नव्या तारखेनं धरला जातो, त्यामुळे त्याचे आधीचे दिवस कोणत्याच हिशेबात राहत नाहीत. वारसाची नोंद करायला वर्ष लागलं असं माणूस सांगतो आणि कार्यालय सांगतं की आमच्याकडे मुदतीबाहेर एकही प्रकरण नाही. दोघंही खरं बोलत असतात. पहिल्यांदा अर्ज दिल्यापासून काम होईपर्यंतचे दिवस मोजले, नामंजूर अर्जांचा रकाना वेगळा काढला आणि सर्वांत जुनं प्रकरण किती दिवसांचं आहे हे आढाव्यात पहिल्या ओळीत विचारलं, तर मला खात्री आहे की महिन्याभरात कचेऱ्यांची वागणूक बदलेल.

कायदा इथं कमी पडत नाही. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. तातडीची असेल तर चार दिवस, अतितातडीची एक दिवस. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल अशा प्रकरणात ४५ दिवसांत निर्णय, पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. यातला सात दिवसांचा नियम एका टेबलाला बांधतो. फाईल सहा टेबलांवर प्रत्येकी सहा दिवस थांबली तर कोणीच नियम मोडलेला नसतो.

एका माणसाकडे तीन सज्जे

रिकाम्या पदांविषयी पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात सांगतो. तलाठ्याचं पद रिकामं असलं की त्या सज्जाचा, म्हणजे त्याच्याकडच्या गावांचा, अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तलाठ्याकडे जातो. एक माणूस तीन सज्जे बघतो, सोमवारी इकडे, बुधवारी तिकडे, आणि मधल्या वारी तहसीलला बैठक. त्यात निवडणुकीची मतदारयादी, नैसर्गिक आपत्ती, वाळूचं पथक, मंत्र्यांचा दौरा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. नोकरी हवी असलेल्या तरुणांची वाण नाही. वाण आहे ती वेळेवर जाहिरात, वेळेवर परीक्षा, वेळेवर नेमणूक यांची. पद रिकामं होणार हे निवृत्तीच्या तारखेवरून सरकारला कित्येक वर्षं आधी माहीत असतं, तरी भरतीची तयारी जागा रिकामी झाल्यावर सुरू होते.

त्याच वेळी संगणकाचं काम कंत्राटी ऑपरेटरांच्या हाती गेलं. कमी पगारात, दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहत ही पोरं-पोरी तहसील चालवतात. पोर्टलची सगळी खाचखळगी त्यांनाच माहीत असतात. ती सोडून गेली की कार्यालयात ते काम येणारा उरत नाही.

संगणकीकरणाचा फायदा झाला हे नाकारून चालणार नाही. डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर मिळतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याला गाठण्यात दिवस जायचा. पण जुनं काम न काढता नवं वर चढवलं की ओझं दुप्पट होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोटोसकट पीक नोंदवायचं. कल्पना चांगली आहे. पण बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या एखाद्या वाडीला जिथं रेंजच नाही तिथं शेवटी नोंद पीक पाहणीसाठी नेमलेल्या सहायकानं करायची, आणि मुदत संपत आली की सगळा ताण त्याच्यावर.

घाई आणि तपासणी यांची ओढाताण जालना जिल्ह्यानं पाहिली. अतिवृष्टीच्या अनुदानवाटपातला गैरव्यवहार २०२५ मध्ये उघड झाला, तलाठ्यांसह महसूल कर्मचारी निलंबित झाले आणि वरिष्ठांच्या लॉगिनच्या गैरवापराचा मुद्दा पुढे आला. लॉगिन म्हणजे सहीच. पण हजारो नावं चार दिवसांत मंजूर करायची असली की पासवर्ड खालच्या माणसाकडे जातो, आणि मंजुरी देणारा व तपासणारा एकच होऊन बसतो. अशा प्रकरणानंतर सरकार नेहमी आणखी एक तपासणी, आणखी एक कागद वाढवतं. त्याचा त्रास खऱ्या शेतकऱ्याला होतो. त्यापेक्षा पंचनाम्याची यादी पैसे सुटण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून ग्रामसभेत वाचली तर खोटं नाव गावापासून लपत नाही.

कचेरीची आठवण

मराठवाड्याची म्हणून एक खास अडचण आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण त्याचं दप्तर उर्दूत होतं, काही मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसीलांच्या अभिलेख कक्षांतले बस्ते भराभर उघडले गेले आणि उर्दू-मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरविषयी (निजामकाळातल्या सरकारी नोंदींविषयी) शासन निर्णय निघाला आणि त्या जुन्या कागदांचं वजन आणखी वाढलं. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, लाखो लोकांच्या हक्काचा निर्णय ज्या कागदावर अवलंबून आहे तो कागद पंचाहत्तर वर्षं नीट सूचीत नसावा, ही कारभाराची मोठी उणीव आहे. दप्तर लावणं हे कधीच कोणाचं उद्दिष्ट नव्हतं. आढाव्याच्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

कागद लावायची पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. प्रत्येक कारकुनानं कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात द्यायची आणि नष्ट करायची. अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची मांडणीच बदलली आणि 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. २०२५ मध्ये शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम झाला, त्यातही स्वच्छता, तक्रार निवारण आणि कार्यालयातल्या सोयी यांवर भर होता. अशा मोहिमांत कपाटं आवरली जातात, भिंती रंगवल्या जातात आणि काम खरोखर सुधारतंही. टिकत नाही ते साहेबांची बदली झाल्यावर. कायद्यानं साधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे, तरी मुदतीआधीच्या बदल्या सर्रास होतात. जाणारा अधिकारी चार्ज देताना किल्ल्या आणि नोंदवह्या देतो. कोणतं काम कुठवर आलंय, कोणाशी काय ठरलंय, कुठल्या कंत्राटदारावर लक्ष ठेवायला हवं, हे तोंडी राहतं. चार पानांची लेखी टिपणी दिल्याशिवाय कार्यमुक्त करायचं नाही एवढा साधा नियम केला तरी खूप वाचेल.

हीच यंत्रणा धावते तेव्हा

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, पुढे पन्नास वॅगनची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. रेल्वे केंद्राची, मिरज दुसऱ्या जिल्ह्यात, उतरवून घेणं आणि टँकरनं वाटणं लातूरच्या प्रशासनाचं आणि महापालिकेचं. तरी जमलं. त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त केला. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा स्वतंत्र कार्यक्रम उभा राहिला आणि ५२ गावं नव्या जागी वसली. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून स्थानिक बायकांना घेतलं गेलं. इंजिनिअर आणि घरमालक यांच्यामधलं बोलणं त्यांनी केलं. नव्या गावांच्या आखणीत चुका झाल्या, शेत लांब पडलं, गल्लीतला शेजार तुटला. पण काम रखडत पडलं नाही.

दोन्ही वेळी माणसं तीच होती, तोच कारकून, तोच इंजिनिअर. फरक एवढाच की ध्येय एका ओळीत सांगता येत होतं, सगळ्या खात्यांना हुकूम देणारा कोणीतरी एक होता, आणि पैशाला लेखाशीर्षाची, म्हणजे कोणता पैसा कशावर खर्चायचा या रकान्यांची, अडकाठी नव्हती. रोज संध्याकाळी एकत्र बसून 'आज काय अडलं' हे विचारलं जात होतं. बारमाही असं चालवता येत नाही, कारण संकटाच्या काळात बाकी सगळी कामं बाजूला ठेवलेली असतात. पण यातली एक गोष्ट शांत काळातही आणता येईल: प्रत्येक सेवेला तालुक्यात एक नावानिशी जबाबदार अधिकारी, ज्याला तिन्ही खात्यांच्या माणसांकडून तेवढ्या कामापुरतं काम करून घेण्याचा लेखी अधिकार असेल. अनुदानाचा एक, वारसनोंदीचा एक, घरकुलाचा एक. त्याचं नाव आणि नंबर दारावर हवा. ज्ञानोबा मामांनी मग तलाठी, ऑपरेटर आणि बँक यांच्यात फिरायचं कारण नाही. फिरेल तो अधिकारी.

तोवर नागरिकाच्या हातात जे आहे ते वापरायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार दाखले, फेरफार, नोंदी अशा अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झालं नाही किंवा नामंजूर झालं तर तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं, नंतर दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. यासाठी लागते ती फक्त अर्जाची तारीख असलेली पोच. ती न घेता खिडकीवरून हलू नका, आणि अर्ज परत केला तर कारण लेखी मागा.